कॉलेजचा पैलवान : खाशाबा जाधव आणि आपल्या भागातल्या कुस्तीच्या दोन वाटा

बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या तालमीत गेलात तर भिंतीवरची फोटोंची रांग साधारण सारखीच दिसते. मधे मारुती, बाजूला राजर्षी शाहू महाराज, आणि मग पैलवान. त्यात हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे असतातच. ते एकसंब्याचे, चिकोडी तालुक्यातले, म्हणजे आपलेच. त्यांच्या शेजारी बऱ्याचदा खाशाबा जाधव असतात, ब्लेझर घातलेले. फोटो शेजारी असल्यामुळे दोघं एकाच मातीतून एकाच वाटेनं वर आले असं नवीन पोरांना वाटतं. माती एकच होती, वाटा मात्र वेगळ्या. खंचनाळे तालमीच्या वाटेनं गेले. खाशाबा हायस्कूल आणि कॉलेजच्या वाटेनं गेले. ही दुसरी वाट आपल्याकडे कशी तयार झाली, तिनं एका माणसाला हेलसिंकीपर्यंत कसं नेलं आणि पुढे ती कुठे संपली, एवढंच या लेखात मांडायचं आहे.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. तरीही बेळगावच्या मंडळानं त्यांच्याविषयी का लिहावं, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. १९५२ साली कराड, कोल्हापूर आणि बेळगाव हे सगळं एकाच मुंबई राज्यात होतं. आपल्याकडची पोरं शिकायला आणि कुस्ती खेळायला कोल्हापूरला जात होती. बेळगावात लिंगराज कॉलेज निघालं १९३३ साली आणि राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली. त्याआधी आपल्या मुलाला मॅट्रिकच्या पुढं शिकवायचं तर धारवाडचं कर्नाटक कॉलेज, सांगलीचं विलिंग्डन किंवा कोल्हापूरचं राजाराम कॉलेज गाठावं लागे. राजाराम कॉलेज या सगळ्यांत जुनं, १८८० चं. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ तिथे शिकले. तेव्हा राजाराम कॉलेजचा इतिहास हा बऱ्याच अंशी आपल्याही आजोबा-पणजोबांचा इतिहास आहे.

आधी थोडं मागे जावं लागेल. ऑलिम्पिक आणि आपला भाग यांचा संबंध खाशाबांच्याही आधीचा आहे, आणि तो सुरू झाला तेव्हा त्यात शाळा-कॉलेज कुठंच नव्हतं. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. धावणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी पळणारे. त्यांचा वेग बघून दोराबजींना वाटलं की ही पोरं युरोपात पाठवण्याच्या तोडीची आहेत. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचीही मदत मिळाली आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा छोटा संघ गेला. त्यात होते बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि १९ वे आले. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती, हेही ध्यानात घ्यावं. त्याच संघातले रणधीर शिंदे कुस्तीत फेदरवेट गटात चौथे आले, पदकापासून एका कुस्तीवर राहिले. चौगुल्यांचं नाव आपल्या शहरात आज किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न इथंच सोडतो. मुद्दा असा की १९२० मध्ये खेळाडू निवडण्याची रीत म्हणजे एका श्रीमंत, जाणत्या माणसाची नजर पडणं. नजर पडली तर गेला, नाही पडली तर राहिला.

कुस्तीत ही नजर राजाची असे. शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची पंढरी केली ती पैलवानांना खुराक, तालमी आणि मैदान देऊन. १९०२ साली ते विलायतेला गेले असता रोममधलं जुनं रिंगण पाहून आले आणि त्यावरून खासबाग मैदानाची कल्पना सुचली असं सांगतात. १९१२ साली ते मैदान उभं राहिलं. एकसंब्यापासून बेळगावपर्यंतच्या कुठल्याही पोराच्या डोळ्यांपुढं मोठेपणाची जी कल्पना होती ती खासबागेतल्या कुस्तीची. जोड लावणारा वस्ताद, तिकीट काढून बसलेली माणसं, चीतपट झाल्यावर फेटे उडणं, बक्षिसाची रक्कम आणि राजाश्रय. या व्यवस्थेला वजनाचे गट फारसे कळत नव्हते. जोड तोलामोलाची बघूनच लावत, ते खरं. पण नाव व्हायचं ते भारदस्त पैलवानाचं, कारण शेवटची कुस्ती त्याची. बावन्न किलोचा माणूस कितीही चपळ असला तरी तो दुपारच्या कुस्त्यांतच राहायचा.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण खाशाबा लहानखुरे होते. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. तालमीच्या जगात त्यांच्यासारख्याला जागा होती, पण वरची पायरी नव्हती. ती पायरी त्यांना मिळाली ती वजनगट पाळणाऱ्या स्पर्धांत. या स्पर्धा शाळा-कॉलेजांच्या क्रीडा विभागांतून, जिमखान्यांतून आणि ऑलिम्पिकच्या नियमांतून आपल्याकडे आल्या.

जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांतला हा धाकटा, आणि पाचव्या वर्षापासून वडिलांनीच त्याला मातीत उतरवलं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते १९४० ते १९४७ पर्यंत शिकले. म्हणजे हायस्कूल सोडताना वय एकवीस. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण त्या काळच्या खेड्यातल्या मुलाचं शिक्षण असंच रखडत, थांबत व्हायचं. शेती, पीकपाणी आणि खाशाबांच्या बाबतीत बेचाळीसचं आंदोलनही. सातारा जिल्ह्यात भूमिगतांना आसरा देणं, चिठ्ठ्या पोचवणं ही कामं त्यांनी केल्याचं सांगतात. पण या उशिराचा एक फायदाही झाला. कॉलेजात आले तेव्हा ते पोरसवदा नव्हते, तयार पैलवान होते.

राजाराम कॉलेजातला पहिला किस्सा कोल्हापुरात अजून सांगतात. वार्षिक क्रीडा स्पर्धांत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा गेले, तर क्रीडा शिक्षकांनी अंगकाठी बघून नाव घ्यायला नकार दिला. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी परवानगी दिली, आणि मग आपल्यापेक्षा दांडग्या मुलांना त्यांनी एकामागून एक पाडलं. किस्सा म्हणून हा थोडा गुळगुळीत झालाय, हे मान्य. पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉलेजात दाद मागायला वरचा दरवाजा होता. तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा. कॉलेजात शिक्षकाच्या वर प्राचार्य होता, आणि हा प्राचार्य विद्यार्थ्यांना आपला मानणारा होता. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज ज्या खर्डेकरांचं नाव आहे, ते हेच.

बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे खाशाबांचे मार्गदर्शक. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हाताचा विळखा घालायचा आणि त्याला आपल्या अंगावरून फेकायचं. हा डाव उंच आणि जड माणसावरही चालतो, कारण त्यात ताकदीपेक्षा वेळ साधावी लागते.

१९४८ साली लंडनचं ऑलिम्पिक आलं. कोल्हापूर संस्थान अजून उभं होतं आणि जाण्याचा खर्च महाराजांनी उचलला. अमेरिकेचे जुने विजेते रीस गार्डनर यांच्याकडून त्यांना थोडं प्रशिक्षण मिळालं. पण खरी अडचण मॅटची होती. आपल्याकडची आखाड्याची माती म्हणजे तेल, ताक, हळद घालून मळलेली, पाय रुतवून उभं राहता येईल अशी. मॅटवर पाय रुतत नाही, घसरतो किंवा अडकतो. शिवाय मातीत चीतपट झाल्याशिवाय कुस्ती संपत नाही. तिकडे पंच बसलेले, वेळ ठरलेली, आणि पाठ न लागताही हार होऊ शकते. हे सगळं लंडनला जाऊन शिकायचं, तेही थेट स्पर्धेतच. तरीही फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात, ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढं हार पत्करली आणि सहावे आले. कॉलेजात नुकताच दाखल झालेला मुलगा, मॅटची ओळख नाही, आणि जगात सहावा.

पुढची चार वर्षं त्यांनी वजन वाढवून ५७ किलोच्या बँटमवेट गटात तयारी केली. मधल्या काळात बाहेरच्या पैलवानांशी खेळण्याची संधी जवळपास नव्हतीच. १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, त्यांत कुस्तीचा समावेशच नव्हता. म्हणजे लंडनची मॅट ते हेलसिंकीची मॅट, मधे सगळी आपली घरची कुस्ती.

या चार वर्षांत आणखी एक मोठा बदल झाला होता, आणि खाशाबांची गोष्ट सांगताना तो बहुतेक वेळा सुटतो. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पैलवानांना ज्या खजिन्यातून खुराक मिळे तो खजिना गेला. लोकांचं राज्य आलं याचा आनंद होताच, खाशाबांनाही होता. पण नव्या सरकारात खेळाडूसाठी पैसे काढायचं खातं अजून नीट बसलेलं नव्हतं. राजा गेला होता आणि सरकार अजून आलेलं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही. नेमक्या त्या पोकळीत १९५२ चं ऑलिम्पिक आलं.

आधी निवडीचाच घोळ. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एका गुणाने मागे ठेवलं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. निरंजन दासही पुढं हेलसिंकीला गेले, फ्लायवेट गटात. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकापुढं न थांबलेला मुलगा इथंही थांबला नाही, एवढंच नोंदवतो.

मग पैसे. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे मदत मागितली तेव्हा स्पर्धा झाल्यावर भेटा असं उत्तर आल्याचं सांगितलं जातं. मोरारजी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री झाले होते, आणि ऑलिम्पिक जुलैत. तेव्हा बेळगावचेही मुख्यमंत्री तेच, म्हणजे तक्रार आपल्याच घरातली. अखेर गोळेश्वरच्या आणि आजूबाजूच्या लोकांनी वर्गणी काढली. गावातल्या माणसांनी पैसे, धान्य, जे जमेल ते दिलं. आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका कॉलेजच्या प्राचार्यानं, एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी. या रकमेवर थोडं थांबायला हवं. हे काही संस्थेच्या फंडातून दिलेलं अनुदान नव्हतं. कॉलेजच्या हिशेबवहीत अशी नोंद बसवायला जागाच नव्हती, म्हणून माणसाला स्वतःचं घर पुढं करावं लागलं. आपण या गोष्टीचं कौतुक करतो, करावंच. पण त्यातून शिक्षणसंस्थांची ताकद दिसते तशीच त्यांची मर्यादाही दिसते. व्यवस्था कमी पडली तिथं एका माणसाचं चांगुलपण उभं राहिलं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवलं. शेवटच्या टप्प्यात समोर होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह. दोघांकडूनही ते हरले. त्यातली सोव्हिएत पैलवानाबरोबरची कुस्ती आधीच्या दमवणाऱ्या लढतीनंतर लगेच खेळायला लावली असं सांगतात. नियमानं दोन कुस्त्यांच्या मधे अर्धा तास विश्रांती हवी होती. पण ते बोलायला भारतीय पदाधिकारी जवळ कुणी नव्हता. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव्हना रौप्य आणि २३ जुलै १९५२ ला खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कोल्हापूरकडचेच केशव माणगावे फेदरवेट गटात खेळले, त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. म्हणजे एकाच भागाच्या मातीतून त्या वर्षी दोन पदकं यायची, एक आलं.

पुढच्या वैयक्तिक पदकाला ४४ वर्षं लागली, १९९६ ला लिअँडर पेस. आणि कुस्तीतल्या पुढच्या पदकाला ५६, बीजिंगला सुशील कुमार. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. ते इतके लांब का पडले हे समजून घ्यायचं तर त्या दिवशीचा सुवर्णविजेता बघावा. शोहाची इशी मुळात ज्यूदो खेळणारे. युद्धानंतर अमेरिकन अंमलात ज्यूदोवर बंदी आली तेव्हा ते कुस्तीकडे वळले. हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. पण त्यांच्यामागं विद्यापीठांच्या क्लबांची एक साखळी होती. १९३१ साली वासेदा विद्यापीठात इचिरो हात्ता यांनी जपानचा पहिला ऑलिम्पिक पद्धतीच्या कुस्तीचा क्लब काढला, आणि युद्धानंतर हेच हात्ता पुढची कित्येक वर्षं तिथल्या कुस्ती महासंघाचे प्रमुख राहिले. क्लबात शिकलेला पैलवान पदवीनंतरही त्याच वर्तुळात राहायचा. खेळाडू म्हणून नाही तर शिकवणारा म्हणून, पंच म्हणून. १९५६ ला जपाननं कुस्तीत दोन सुवर्णं घेतली, १९६४ ला घरच्या टोकियोत पाच. अमेरिकेतही १९२८ पासून कॉलेजांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा भरत आली आहे. आपल्याकडे राजाराम कॉलेजनं एक खाशाबा दिला, पण हेलसिंकीची मॅट बघून आलेला हा माणूस कॉलेजच्या पुढच्या पोरांना शिकवायला कॉलेजात राहिला नाही. तशी जागाच नव्हती.

कराड स्टेशनवर उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल-लेझीम वाजत गोळेश्वरपर्यंत. मिरवणूक संपली आणि मग कर्ज फेडायचं राहिलं. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यात स्वतः खेळले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला इथं गंमत वाटते, आणि थोडं वाईटही. कॉलेजच्या वाटेनं हेलसिंकीला गेलेला माणूस त्या वाटेचं कर्ज फेडायला शेवटी तिकिटाच्या कुस्तीकडे, म्हणजे तालमीच्या वाटेकडेच आला. ती वाट गरीब असेल, पण तिच्याकडे रोख पैसा होता.

आता त्या दुसऱ्या वाटेवरचे आपले खंचनाळे. एकसंब्याहून कोल्हापूरला आले, शाहूपुरी तालमीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत पहिले हिंदकेसरी झाले. बांधा भरदार, मैदानी कुस्तीला शोभणारा. खाशाबांपेक्षा वयानं आठ-नऊ वर्षं लहान. त्यांच्या वेळेपर्यंत सीमा बदलली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. शाळा, विद्यापीठ, क्रीडा खातं, सगळी सरकारी शिडी धारवाड आणि बेंगळूरच्या दिशेनं वळली. तालमीची शिडी मात्र वळली नाही, ती कोल्हापूरलाच राहिली. वस्ताद राज्याची सीमा विचारत नाही, पोराचा खांदा बघतो. म्हणून सीमाभागातला मराठी पोरगा शाळेसाठी एका राज्याचा आणि कुस्तीसाठी दुसऱ्या राज्याचा, अशी गत झाली. खंचनाळ्यांसारख्या दांडग्या पैलवानाला त्यानं फारसं अडलं नाही. पण बावन्न-सत्तावन्न किलोचा एखादा पोरगा, ज्याला शाळेच्या वजनगटातूनच वर जाता आलं असतं, त्याची कुचंबणा झाली असणार. माझा हा अंदाज आहे. मंडळातल्या ज्यांच्या घरात जुने पैलवान आहेत त्यांनी तो तपासून बघावा, घरातली प्रशस्तिपत्रकं काढून.

खाशाबांकडे परत येऊ. १९५५ साली ते मुंबई राज्याच्या पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, पोलिसांना कुस्ती शिकवली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू होती, पण गुडघ्याला दुखापत झाली आणि जाणं राहिलं. त्यानंतर खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द संपली. वय अवघं तीस. सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. पोलीस खात्याला मी दोष देत नाही. त्या काळात खेळाडूला पक्की नोकरी देणारी रेल्वे, पोलीस आणि लष्कर हीच काय ती खाती. पण कुस्ती महासंघानं त्यांना कुठल्या संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून सन्मानानं नेलं असतं तर हेलसिंकीतला अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम पुढच्या पोरांना निदान आधी कळला असता.

सन्मानांचंही असंच. पदक मिळालं तेव्हा पद्म पुरस्कार नव्हते, ते १९५४ ला सुरू झाले. अर्जुन पुरस्कार १९६१ ला. दोन्ही सुरू झाल्यावर मागं वळून बघायला कुणाला सुचलं नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल धरण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार २००१ साली, मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी संकुलातल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं.

आपल्या बेळगावात कॉलेजची वाट पुढं फारशी रुंद झाली नाही, पण लष्कराची झाली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथं असल्यामुळे फौजेत जाऊन खेळाडू होणं हे आपल्याकडे नवल नव्हतं. भारताच्या हॉकी संघाचे प्रसिद्ध गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे महूचे, पण फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच. १९६४ च्या टोकियोतल्या सुवर्णविजेत्या संघात ते होते, आणि त्याच संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, इथं फक्त नाव घेऊन ठेवतो. आज त्याच केंद्रात बॉइज स्पोर्ट्स कंपनी आहे. लहान वयात मुलं निवडतात, तिथंच राहणं, तिथंच शाळा आणि तिथंच कुस्तीची मॅट, आणि पुढं फौजेत भरती. वजनगट आहेत, जेवण आहे, मॅट आहे. कॅम्पातल्या त्या मैदानावर सकाळी पळणाऱ्या पोरांत चिकोडी-निपाणीकडचीही असतात आणि कराडकडचीही.